आश्रय आणि अभय

१

शरण आलेल्याला पाठीशी घालावे, ही शिकवण भारतीय मनाला नवी नाही. शिबी राजाची कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. ती महाभारतात आहे, बौद्ध परंपरेत आहे, आणि अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात ती भिंतीवर रंगविलेलीही आहे. ससाण्याच्या भयाने एक कबुतर राजाच्या आसऱ्याला येते. मागोमाग ससाणा येऊन आपले भक्ष्य परत मागतो. राजा कबुतराच्या भारंभार आपल्या अंगचे मांस कापून देतो. ही कथा ऐकताना आपण बहुधा राजाच्या दातृत्वाचे कौतुक करतो. कथेचा खरा कस मात्र वेगळ्या ठिकाणी लागतो. राजाने कबुतराला दाणापाणी दिले की नाही, याची कोणी चौकशी करीत नाही. ससाण्याची मागणी अगदीच खोटी नव्हती. तो भुकेला होता आणि निसर्गाने त्याला तसेच घडविले होते. तरीही राजाने कबुतर त्याच्या हवाली केले नाही, आणि या नकाराची किंमत स्वतः मोजली.

आश्रय आणि अभय हे दोन शब्द आपण जोडीने वापरतो. त्यामुळे त्यांतला भेद सहसा ध्यानी येत नाही. आश्रय म्हणजे निवारा, अन्न, वस्त्र, औषधपाणी. अभय म्हणजे ज्याच्या भीतीने माणूस पळाला, त्याच्या हाती त्याला पुन्हा न देण्याचे वचन. पहिल्यासाठी दयाबुद्धी आणि थोडा पैसा पुरतो. दुसऱ्यासाठी सत्ता लागते, आणि प्रसंगी आपल्याहून बलवानाला नकार देण्याची त्या सत्तेची तयारी असावी लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यास कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे दोन निर्वासित समूह एकापाठोपाठ एक आले. पहिला पोलंडचा, दुसरा सिंधचा. जागा तीच, बराकी त्याच. परंतु पहिल्या समूहाला पाच वर्षांनी तेथून उठून जगाच्या चार कोपऱ्यांत पांगावे लागले, तर दुसऱ्याने त्याच जागी गाव वसविले. हा फरक कशामुळे पडला, याचा शोध घेऊ गेल्यास आश्रय आणि अभय यांतील अंतर आपोआप उलगडत जाते.

२

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले, आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या. देश दोन सत्तांनी वाटून घेतला. सोव्हिएत अंमलाखालील पूर्व पोलंडातून पुढील पावणेदोन वर्षांत चार मोठ्या लाटांमध्ये लोकांना उचलून नेण्यात आले. १० फेब्रुवारी १९४०च्या पहिल्या लाटेत प्रामुख्याने लष्करातून निवृत्त होऊन जमिनी कसणारे वसाहतकरी आणि वनखात्यातील कर्मचारी होते. एप्रिलमध्ये अटकेत असलेल्यांची बायकामुले. जूनमध्ये जर्मनांच्या भीतीने पश्चिमेकडून पळून आलेले लोक, ज्यांत ज्यू बहुसंख्य होते. चौथी लाट १९४१च्या उन्हाळ्यातली. मालवाहू डब्यांत कोंडून या लोकांना सायबेरिया, उत्तर रशियातील अर्खांगेल्स्कची जंगले आणि कझाकस्तानचे गवताळ माळ येथे नेऊन सोडले. युद्धकाळातील पोलिश अंदाज त्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे नेत असत; सोव्हिएत दप्तरे अभ्यासकांना खुली झाल्यावर या चार लाटांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास भरला. संख्या घटली म्हणून दुःख घटत नाही, हे सांगावयास नकोच.

२२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि राजकारणाचा पट फिरला. लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात ३० जुलैला करार झाला. ऑगस्टमध्ये हद्दपार पोलिशांना ‘माफी’ जाहीर झाली. ज्यांनी कोणताच गुन्हा केला नव्हता त्यांना माफी कशाची, हा प्रश्न विचारण्याची ती वेळ नव्हती. जनरल आंदर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभे राहू लागले, आणि त्या सैन्याच्या आधाराने बायकामुले दक्षिणेकडे सरकू लागली. १९४२च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्रास्नोवोद्स्क बंदरातून कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे १ लाख १५ हजार माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांतील साधारण एक तृतीयांश सैनिक नव्हते. विषमज्वर, हगवण आणि उपासमार यांनी पोखरलेल्या या लोकांपैकी कित्येकांनी इराणच्या किनाऱ्यावरच डोळे मिटले.

जे जगले त्यांना ठेवावयाचे कोठे? इराण स्वतः ब्रिटिश व सोव्हिएत फौजांच्या ताब्यात होता. मग या माणसांची वाटणी सुरू झाली. काही पूर्व आफ्रिकेत, टांगानिका व युगांडाच्या छावण्यांत गेली, काही मेक्सिकोत, १९४४ साली ७३३ मुले न्यूझीलंडमध्ये पोहोचली. काही हजार भारतात आली.

३

भारतात पहिली आली ती मुले, आणि त्यांतील अनेक अनाथ. अश्काबादहून मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा खडतर प्रवास मालमोटारींनी करीत १९४२ साली ती येथे पोहोचली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ, समुद्राकाठच्या बालाछडी येथे आपल्या उन्हाळी महालाच्या परिसरात त्यांच्यासाठी छावणी उभारून दिली. जामसाहेब तेव्हा नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष होते. इतर संस्थानिकांकडून व धनिकांकडून निधी जमविण्यात त्यांचा शब्द कामी आला. मुलांनी आपल्याला ‘बापू’ मानावे, असे त्यांनी सांगितल्याचे त्या मुलांनी उतारवयातही आवर्जून सांगितले. वॉर्सा शहरात आज त्यांच्या स्मरणार्थ ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे आणि एक शाळाही त्यांचे नाव लावते.

वळिवड्याची छावणी आकाराने मोठी आणि स्वभावाने वेगळी होती. कोल्हापूर संस्थानात १९४० साली राजाराम महाराजांचे निधन झाले होते. गादीवर अल्पवयीन दत्तक वारस होता आणि कारभार महाराणी ताराबाईंच्या देखरेखीखाली चालला होता. छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारने सोसला. येथे कोणा एका दात्याची मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहत नाही, आणि कदाचित म्हणूनच महाराष्ट्रातही या छावणीची आठवण बराच काळ कोल्हापूरच्या पंचक्रोशीपुरतीच राहिली. १९४३च्या उन्हाळ्यापासून कराचीमार्गे पोलिश कुटुंबांचे जथे येथे येऊ लागले. पंचगंगेच्या आसमंतात, कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत, बराकींच्या लांबच लांब रांगांचे एक नगरच उभे राहिले. तेथे सुमारे ५,००० माणसे राहत होती, बहुतेक सारी स्त्रिया, मुले आणि वृद्ध. शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते, बालवीरांची पथके होती, नाटके आणि लोकनृत्ये होती. जवळच्या गावांतील फेरीवाले आणि दुकानदार कामापुरते पोलिश बोलू लागले होते. ज्वारीच्या आणि उसाच्या मुलखात, बर्फाच्या देशातली मुले आपल्या इतिहास-भूगोलाचे धडे आपल्याच भाषेत गिरवीत होती.

या नगरात कर्ती पुरुषमंडळी दिसत नसत, याचे कारण युद्ध हेच होते. अनेकींचे पती आणि पुत्र आंदर्स यांच्या सैन्यात होते. मे १९४४ मध्ये इटलीतील मोंते कासिनोचा डोंगर पोलिश सैनिकांनी प्रचंड किंमत देऊन सर केला, तेव्हा त्या युद्धाच्या बातम्यांकडे वळिवड्यातील घरांचे डोळे लागलेले असणार. त्याच इटलीत, ब्रिटिशांच्या त्याच आठव्या सेनेत, मराठा पलटणीही लढत होत्या. १० जुलै १९४४ रोजी कुलाबा जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे तेथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. छावणीतील स्त्रिया आणि आसपासच्या खेड्यांतील लष्करी कुटुंबे एकाच आघाडीवरच्या टपालाची वाट पाहत होती, ही गोष्ट दोघींनाही ठाऊक असेल की नाही, कोण जाणे.

आणखी एका गोष्टीचे भान ठेवावयास हवे. हा आश्रय ज्या देशाने दिला तो स्वतः स्वतंत्र नव्हता आणि सुखीही नव्हता. ‘चले जाव’ चळवळीतील हजारो माणसे तुरुंगात होती. १९४३ हेच बंगालच्या महादुष्काळाचे वर्ष, ज्यात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. तेव्हा भारताने पोलिशांना ‘बोलावले’ असे म्हणणे सरळ नाही. निर्णय साम्राज्याचा होता, पैसा बव्हंशी पोलंडच्या सरकारचा होता. भूमी, पाणी आणि शेजार मात्र येथल्या माणसांचा होता, आणि तो शेजार त्यांनी निगुतीने निभावला, हे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

४

१९४५ साली युद्ध संपले. वळिवड्यातील माणसांच्या दृष्टीने खरी विवंचना तेव्हाच सुरू झाली. फेब्रुवारीत याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पोलंडचा पूर्वभाग सोव्हिएत संघाला देऊन टाकला. ज्या गावांतून या माणसांना उचलून नेले होते, ती गावे आता पोलंडमध्येच उरली नव्हती. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सातील नव्या, मॉस्कोच्या छायेतील सरकारला मान्यता दिली. ज्या सरकारच्या पैशावर छावणी चालत होती, ते सरकार कायद्याच्या लेखी एका दिवसात नाहीसे झाले. बराकी उभ्या होत्या, स्वयंपाक होत होता, शाळा भरत होत्या. आश्रय शाबूत होता. अभय मात्र डळमळू लागले.

वॉर्सातील नव्या सरकारची भूमिका तर्काला धरूनच होती : युद्ध संपले आहे, ही आमची माणसे आहेत, विशेषतः ही मुले आमच्या राष्ट्राची आहेत, ती परत द्या. ससाण्याची मागणी अशीच वरकरणी रास्त वाटत असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पहिल्याच अधिवेशनात, लंडन येथे, यावर मोठा वाद झाला. सोव्हिएत प्रतिनिधी विशिन्स्की यांचे म्हणणे असे की, मायदेशी परतावयास नकार देणारा तो देशद्रोहीच. अमेरिकेच्या वतीने एलिनॉर रूझवेल्ट यांनी याला विरोध केला. १२ फेब्रुवारी १९४६च्या ठरावात शेवटी असे मान्य झाले की, ज्यांनी सयुक्तिक हरकती घेतल्या आहेत अशा निर्वासितांना बळजबरीने परत पाठविले जाऊ नये. आज आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया मानले जाणारे तत्त्व त्या काळी असे ठरावाच्या दोन ओळींत, पुष्कळ हुज्जतीनंतर, शिरकाव करून घेत होते.

बालाछडीच्या अनाथ मुलांसाठी या ओळी पुरेशा नव्हत्या, कारण त्यांच्या वतीने हरकत घेणारे पालकच नव्हते. तेव्हा काही मुलांच्या बाबतीत दत्तकविधानाचा मार्ग काढण्यात आला. जामसाहेब, एक ब्रिटिश अधिकारी आणि छावणीतील पोलिश धर्मगुरू यांनी मिळून त्यांचे पालकत्व पत्करले, म्हणजे त्यांना नेण्याचा हक्क सांगणाऱ्यास कायदेशीर उत्तर देता यावे. मुलांना खाऊपिऊ घालणाऱ्या जामसाहेबांची कीर्ती मोठी आहे. आपल्या मते या दत्तकपत्राच्या जामसाहेबांची थोरवी अधिक मानावयास हवी. शिबी राजाशी त्यांचे नाते येथे जुळते.

वळिवड्याची छावणी १९४८ साली बंद झाली. ज्यांचे पुरुष ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढले होते, त्यांना १९४७च्या कायद्याने ब्रिटनमध्ये वस्ती करता आली. काही पोलंडला परतले, काही आफ्रिकेतील छावण्यांत आणि तेथून पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत गेले. कित्येकांच्या नशिबी ही तिसरी वा चौथी पांगापांग होती. भारतात कायमचे राहण्याचा मार्ग त्यांच्यापुढे खुला नव्हता. ते पाहुणे होते, आणि पाहुण्याने कधीतरी उठावेच लागते.

५

पोलिश निघून जात होते त्याच सुमारास सिंधमधून माणसांचे लोंढे मुंबई इलाख्यात येत होते. पंजाब आणि बंगाल फाळणीत विभागले गेले. सिंध सबंधच पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला निदान पूर्व पंजाब होता, सिंध्याला आपला म्हणावा असा वीतभर प्रांतही उरला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर उरल्यासुरल्यांचा धीर सुटला आणि कराची बंदरातून जहाजे भरभरून माणसे निघाली. एकूण दहा लाखांहून अधिक सिंधी हिंदूंनी घरदार सोडले. लष्कराने मोकळ्या केलेल्या छावण्या त्यांच्या वाट्याला आल्या. कल्याणजवळच्या अशाच छावणीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर झाले. पिंपरीला दुसरी वसाहत झाली. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत सिंधी कुटुंबे आली आणि त्या वस्तीला गांधीनगर हे नाव मिळाले. आज दक्षिण महाराष्ट्रात कापडाची घाऊक खरेदी करावयाची तर लोक गांधीनगर गाठतात; तेथील बाजारपेठ ज्या भूमीवर उभी आहे, तेथे एके काळी पोलिश मुले प्रार्थना म्हणत असत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

हा इतिहास निव्वळ औदार्याचा म्हणून सांगणे मात्र सत्याला सोडून होईल. ज्या वस्तीला गांधीजींचे नाव मिळाले, त्यांच्या हत्येनंतर, फेब्रुवारी १९४८ मध्ये, याच कोल्हापूर-सांगली-सातारा भागात ब्राह्मणांची घरे, दुकाने आणि कारखाने जाळले गेले, आणि अनेक कुटुंबे गाव सोडून पुण्या-मुंबईकडे निघून गेली. पोलंड आणि सिंधच्या माणसांना ज्या मातीने जागा दिली, तिने आपलीच माणसे परागंदा होतानाही पाहिली. कोणतीही भूमी केवळ आश्रय देणारी नसते.

सिंधी कुटुंबांचे प्रारंभीचे हाल पोलिशांहून कमी नव्हते, काही बाबतींत अधिकच होते. निर्वासित हा शब्द त्यांना हिणवण्यासाठीही वापरला गेला. उत्तर भारतात तर फाळणीग्रस्तांनी ‘शरणार्थी’ हा शब्द नाकारून स्वतःस ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेतले. तरी त्यांच्याजवळ एक गोष्ट होती, जी पोलिशांजवळ नव्हती. राज्यघटनेच्या ज्या मोजक्या तरतुदी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तत्काळ अंमलात आल्या, त्यांत नागरिकत्वाची कलमे होती. सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिकत्वाचा मार्ग दिला. त्यांना मत होते, न्यायालय होते, १९५४च्या कायद्याने नुकसानभरपाईचा दावा होता. त्यांना कोणी परत मागू शकत नव्हते आणि कोणी परत पाठवू शकत नव्हते. वळिवड्याच्या बराकींतला फरक तो हाच. पुढे १९६७ साली सिंधी भाषाही राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली आणि प्रांत गमावलेल्या या लोकांच्या भाषेला देशभर घर मिळाले.

याची दुसरी बाजूही लिहून ठेवावयास हवी. ज्या कायद्यांनी येणाऱ्याला सामावून घेतले, त्यांतच जाणाऱ्याच्या परतीचे दार जवळजवळ बंद केले. दंगलीच्या भयाने पाकिस्तानात गेलेल्या आणि पुन्हा आपल्या घरी येऊ पाहणाऱ्या अनेक मुसलमानांना १९४८च्या परवाना-पद्धतीने अडविले. त्यांची घरे ‘निष्क्रांतांची मालमत्ता’ ठरली. पाकिस्तानातही हिंदू व शीख यांच्या घरांचे तेच झाले. भयाने पळालेला माणूस कोणत्या दिशेने पळाला, यावर त्याचे भवितव्य ठरत होते.

६

२८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे निर्वासितांविषयीचा करार झाला. त्याच्या तेहेतिसाव्या कलमात अभयाचे तत्त्व नेमके बांधले आहे : जेथे निर्वासिताच्या जिवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे, तेथे त्याला परत धाडू नये. वळिवडे आणि बालाछडी येथे ज्याची वानवा होती, ते वचन आता कायद्याच्या भाषेत आले. पण तो करार मुळात १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता आणि सह्या करणाऱ्यांना तो युरोपपुरता ठेवण्याची मुभाही होती. ही मुदतीची अट १९६७च्या पूरक कराराने दूर झाली. लक्षावधी फाळणीग्रस्तांचे ओझे वाहणाऱ्या भारताला त्यात आपले प्रतिबिंब दिसले नाही. भारताने त्यावर सही केली नाही, आणि आजतागायत केलेली नाही.

सही केली नाही म्हणून भारताने दार लावून घेतले, असे मात्र झाले नाही. १९५९ साली दलाई लामांच्या मागोमाग हजारो तिबेटी आले आणि त्यांच्यासाठी वसाहती झाल्या. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आली. त्या खर्चासाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे आणि देशाने ते विनातक्रार लावले. परंतु हे सारे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीने घडले. १९४६चा परकीय व्यक्तींविषयीचा कायदा निर्वासित आणि अन्य परदेशी यांत भेद करीत नव्हता. २०२५ साली त्याची जागा घेणाऱ्या कायद्यातही निर्वासिताची वेगळी व्याख्या नाही. अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले की, जीविताचे रक्षण हा केवळ नागरिकाचा नव्हे, भारतभूमीवरील प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. २०२१ साली रोहिंग्यांच्या प्रकरणातील अंतरिम आदेशात त्याच न्यायालयाने तो हक्क मान्य केला, पण देशाबाहेर न घालविले जाण्याचा हक्क हा भारतात राहण्याच्या हक्काशी, म्हणजे नागरिकाच्या हक्काशी जोडलेला आहे, असेही म्हटले. या दोन निर्णयांमध्ये आश्रय आणि अभय पुन्हा समोरासमोर उभे राहतात.

मर्जीवर उभा असलेला आश्रय मर्जी फिरली की कोसळतो; त्याला मागच्या पिढीचे उपकारही तारून नेत नाहीत. पोलंडचेच पाहा. २०२२ साली युक्रेनमधून पळालेल्या लक्षावधी माणसांसाठी त्या देशाने घरे उघडली आणि जगाची वाहवा मिळविली. त्याआधी, २०२१पासून, बेलारूसच्या सीमेवरील जंगलांतून आलेल्या इराकी, सीरियन, अफगाण माणसांना त्याच देशाचे सीमारक्षक परत ढकलीत होते. आपल्या आजीला कोल्हापुरात जागा मिळाली होती, ही आठवण राष्ट्राच्या सीमेवर पहारा देत नसते.

२०२४च्या अखेरीस जगात बळजबरीने विस्थापित झालेल्यांची संख्या १२ कोटींच्या पुढे गेली होती. एवढ्या माणसांना पुरतील इतके शिबी वा इतके जामसाहेब कोणत्याच युगात निपजत नाहीत. आपल्या पुराणांनी शरणागताचे रक्षण राजाच्या धर्मात घातले, त्याच्या स्वभावावर सोडले नाही, याचे मर्म बहुधा हेच असावे. राजे गेले, त्यांचा धर्म आता कायद्याकडे आला आहे. दयाळू माणसे आपल्या देशात कालही होती आणि आजही आहेत. त्यांच्या दयेला परत न धाडण्याच्या लेखी वचनाची जोड मिळावयाची आहे, आणि ते वचन मागण्याचे काम ज्याला मत नाही त्या शरणार्थ्याचे नसून, ज्याला मत आहे त्या नागरिकाचे आहे.